करारांतील वऱ्हाड : सत्ता, महसूल आणि हिशेबाचे कलम

प्रस्तावना

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या प्रकरणात सुर्जी-अंजनगावच्या तहाचा उल्लेख नाही असे इतिहासाचे क्रमिक पुस्तक सहसा आढळत नाही. ३० डिसेंबर १८०३ रोजी हा तह झाला. कंपनीच्या बाजूने मेजर जनरल आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे यांच्या बाजूने विठ्ठलपंत, मुन्शी कवलनयन, यशवंतराव घोरपडे व नारो हरी ही मंडळी वाटाघाटीत होती. शहानूर नदीकाठच्या, पानमळ्यांसाठी व पानपिंपळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव त्या दिवशी हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात गेले. या तहाने कोणता प्रदेश इंग्रजांना मिळाला, असा प्रश्न प्रस्तुत लेखक वर्गात दरवर्षी विचारतो आणि बहुतेक विद्यार्थी 'वऱ्हाड' असे उत्तर देतात. उत्तर चुकीचे आहे. गंगा-यमुनेचा दुआब, जयपूर-जोधपूरच्या उत्तरेकडील मुलूख, भडोच आणि अहमदनगर यांची या तहात देवघेव झाली. ज्या भूमीवर तंबू ठोकून हा कागद लिहिला गेला, तिच्याविषयी त्यात निर्णय नाही. ती भूमी शिंद्यांची नव्हतीच.

वऱ्हाडचा निकाल दुसऱ्या कागदांवर लागला. हे कागद देवगाव, हैदराबाद आणि कलकत्ता येथे सुमारे सव्वाशे वर्षे लिहिले जात होते. राज्यकर्त्यांच्या बाजूने त्यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. निजामाचा हक्क किती, कंपनीची लबाडी किती, कर्झनचे चातुर्य किती, यांवर ग्रंथ आहेत. प्रस्तुत निबंधात या करारांकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे आहे. वऱ्हाडातून जो पैसा वसूल होत असे त्याचा हिशेब कोणी कोणास द्यावयाचा, या संबंधाने या करारांत काय म्हटले आहे आणि त्याचा येथील रयतेवर काय परिणाम झाला, एवढाच तो प्रश्न होय.

देवगाव ते हैदराबाद : चार लाखांची गावे

१८०३ पूर्वीच्या वऱ्हाडात दुअमली होती. मुलूख नावाने निजामाचा, परंतु वसुलीत नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. एकाच गावाच्या वेशीत दोन सरकारांचे वसूलदार येत. रयतेच्या दृष्टीने या व्यवस्थेचे वर्णन करावयाचे तर देणे दोघांचे आणि संरक्षण कोणाचेच नाही, असे करावे लागेल.

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आणि २९ नोव्हेंबरची आडगावची लढाई यांनी शिंदे-भोसल्यांचे सैन्यबळ मोडले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला; किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी तो केला. कटक आणि बालेश्वरबरोबरच वर्धा नदीच्या पश्चिमेकडील व गाविलगडच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सोडून दिला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले आणि त्या किल्ल्यांलगतचा चार लाख रुपये उत्पन्नाचा मुलूखही राहिला.

या चार लाखांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. सीमा आखावयाची तर ती नदीने किंवा डोंगराने आखतात, आणि तहाच्या आरंभी तसे केलेलेही आहे. परंतु जेथे तडजोड करावयाची होती तेथे मोजमाप रुपयांत झाले. चार लाखांची बेरीज जुळेपर्यंत परगणे घालावयाचे, असा हा हिशेब होता. कोणते गाव कोणाकडे राहणार हे त्या गावच्या वसुलीच्या आकड्यावर ठरले. गाव म्हणजे उत्पन्नाची रक्कम आणि रयत म्हणजे त्या रकमेचे साधन, ही दृष्टी इंग्रजांनीच येथे आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरंजामाची मोजणी मराठी व मोगलाई दप्तरांतही अशीच होत असे. फरक एवढाच, की येथून पुढे ही दृष्टी आंतरराष्ट्रीय कराराच्या भाषेत बोलू लागली.

कंपनीने हा मुलूख स्वतःकडे ठेवला नाही. निजाम अलीखान युद्धाच्या आरंभीच, ऑगस्ट १८०३ मध्ये निवर्तला होता. गादीवर सिकंदरजाह होता. २८ एप्रिल १८०४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या वाटणीच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामास मिळाले. पुढे आप्पासाहेब भोसल्यांच्या पाडावानंतर १८२२ च्या तहाने भोसल्यांचा या बाजूचा उरलासुरला मुलूखही, गाविलगड-नरनाळ्यासह, निजामाकडे गेला. दुअमली संपली, मोगलाई पूर्ण झाली. त्याच १८०३-०४ च्या सुमारास दख्खनेत युद्धाच्या मागोमाग भीषण दुष्काळ पडला होता. तहांच्या मसुद्यांत त्याची छाया कोठे दिसत नाही.

मक्त्याचा काळ

निजामी अमलात वऱ्हाडचा महसूल मक्त्याने देण्याची पद्धत रूढ होती. अधिक रक्कम आगाऊ देणाऱ्यास तालुका मिळे. दुसऱ्याने वाढीव बोली केली की पहिल्याचा मक्ता जाई. अशा व्यवस्थेत मक्तेदाराने पुढच्या वर्षाचा विचार करावा ही अपेक्षाच व्यर्थ होती. हैदराबादचा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने १८२० नंतर युरोपीय अधिकारी नेमून गावांशी थेट ठराव करण्याचा प्रयत्न केला, परंतु १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर येताच ती देखरेख काढून घेण्यात आली आणि चंदूलालच्या कारभारात मक्ते पुन्हा बोकाळले. १८४० च्या दशकाच्या आरंभी वऱ्हाडचा महसूल पेस्तनजी मेहेरजी यांच्या पेढीकडे कर्जापोटी गहाण पडला होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारास नेणाऱ्या पहिल्या मोठ्या व्यापाऱ्यांत याच पेढीची गणना होते. कापूस विकत घेणारा आणि सारा वसूल करणारा एकच असल्यावर कुणब्याला भावाविषयी घासाघीस करण्यास किती वाव उरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

निजाम इतका कर्जबाजारी का झाला? चंदूलालचा उधळेपणा हे एक कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु मोठे कारण फौजेचे होते. १८०० च्या तहाप्रमाणे युद्धप्रसंगी नऊ हजार स्वार व सहा हजार पायदळ पुरविण्याचे बंधन निजामावर होते. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचे बंधन कोणत्याही तहात नव्हते. तरीही रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात अशी फौज उभी राहिली, वाढत गेली आणि तिला हैदराबाद कंटिन्जंट हे नाव मिळाले. तिचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाखांपर्यंत गेला. हा खर्च भागविण्यासाठी विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने निजाम सरकारला जबर व्याजाने कर्ज दिले. ते प्रकरण मेटकाफने उघडकीस आणले. पेढीचे देणे भागविण्यासाठी कंपनीने पैसे दिले आणि त्या बदल्यात उत्तर सरकारांबद्दल निजामास दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची बुडाली. म्हणजे कराराबाहेरची फौज, तिच्या पगारासाठी कर्ज, कर्जासाठी मक्ता आणि मक्त्याच्या शेवटच्या टोकाला वऱ्हाडातील खातेदार अशी ही साखळी होती. या साखळीतील वरच्या तीन कड्यांचे कागद दप्तरात आहेत. चौथीचे फारसे नाहीत.

१८५३ आणि १८६० : एक कलम येते आणि जाते

२१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या आदेशाने रेसिडेंट कर्नल लो याने नासिरुद्दौलाकडून जो तह करवून घेतला, त्याने वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे प्रदेश कंटिन्जंटच्या खर्चासाठी व थकलेल्या कर्जासाठी इंग्रजांच्या कारभाराखाली आले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार कंपनीचा. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हे वऱ्हाडचे नाव तेव्हापासूनचे. या तहात निबंधविषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, की कंपनीने या प्रदेशाचा जमाखर्च दरवर्षी निजामास दाखवावयाचा आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक त्यास द्यावयाची. हिशेब रयतेला नव्हे, हे खरे; तरी कोणालातरी द्यावयाचा होता. कारभार करणाऱ्यावर एक लेखी बंधन होते.

हे बंधन सात वर्षे टिकले. १८५७ मध्ये निजामाने इंग्रजांची साथ दिली; त्याचे बक्षीस म्हणून २६ डिसेंबर १८६० रोजी नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, नळदुर्ग व रायचूर दुआब परत मिळाले, शोरापूरचे संस्थानही मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले आणि निजामाने भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांतील जमाखर्चाच्या हिशेबाची मागणी सोडून द्यावी असे ठरले. शिल्लक राहिली तर द्यावयाची होती. परंतु ती किती राहिली हे सांगणाराच ती ठरविणारा होता.

ज्या कर्जापायी हे सर्व घडले त्याची तरी स्थिती काय होती? १८६० चा तह ज्याच्या कारकिर्दीत झाला त्या रेसिडेंट डेव्हिडसनने स्वतःच वरिष्ठांना लिहून कळविले होते, की निजामाच्या बाजूच्या रास्त रकमा जमेस धरल्या असत्या तर १८५३ मध्ये त्याच्याकडे आमचे खरे येणे जवळजवळ निघालेच नसते. हे मत वऱ्हाडच्या परताव्याची मागणी करणाऱ्यांनी पुढे वारंवार उद्धृत केले. पहिला सालारजंग तर त्यासाठी आयुष्यभर झगडला. १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. त्याच्या युक्तिवादातही वऱ्हाड हे निजामाच्या घराण्याचे वतन आहे. त्या वतनात राहणाऱ्यांना काय हवे, हा मुद्दा येत नाही.

कापूस, रेल्वे आणि छप्पन्नचा दुष्काळ

इंग्रजी कारभाराने वऱ्हाडचे काही भले केले की नाही? प्रामाणिक उत्तर 'केले' असेच आहे. मक्तेदारी गेली. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, जमिनीचा सारा तीस वर्षांसाठी ठरला, खातेदाराचे नाव सरकारी कागदावर आले. पडीक रानात पुन्हा नांगर फिरला. बाहेरून माणसे येऊन वसली. आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये सिद्ध केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये या प्रगतीचे जे समाधान दिसते ते केवळ ढोंग म्हणून बाजूला सारता येणार नाही.

परंतु ही प्रगती कोणत्या दिशेने चालली होती हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव एकाएकी वाढला. याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून गेली व १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. कापसासाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला. त्या जागी रिव्हेट-कार्नाक आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावचा रेल्वेफाटा उघडला. एका तालुक्याच्या गावातील कापूसबाजारासाठी साक्षात व्हाइसरॉयने यावे, यावरून सरकारचे लक्ष कोठे होते ते समजते. पाटबंधाऱ्यांसाठी असा कोणी आल्याची नोंद नाही. उत्तरेकडे मेळघाटचे जंगल राखीव करण्यात आले आणि कोरकूंची फिरती शेती व वनावरचा वहिवाटीचा हक्क नियमांच्या चौकटीत आवळला गेला.

जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली, ही सुधारणाही दुधारी ठरली. कापसाचे पीक रोख पैशाचे. रोख पैशाच्या पिकाला आगाऊ रोख लागते. ती सावकाराकडे होती. कापूस खाल्ला जात नाही. ज्वारीचे क्षेत्र कापसाच्या मागे पडत गेले तसतसे घरातील कणगीऐवजी बाजारावर अवलंबून राहणे भाग पडले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्यावरील आपल्या ग्रंथात हा संबंध विस्ताराने मांडला आहे. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य करावेत असे नाही. कापूस वऱ्हाडात इंग्रजांपूर्वीही होता आणि अनेक कुणब्यांनी तो हिशेब करूनच पेरला. तथापि १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी, विशेषतः आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येणाऱ्या छप्पन्नच्या दुष्काळाने, वऱ्हाडसारखा संपन्न समजला जाणारा प्रांत किती पोकळ झाला होता ते उघड केले. १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती घटली.

या सर्व काळात वऱ्हाडच्या महसुलातून प्रथम काय भागविले जात होते? कंटिन्जंटचा खर्च. तिची एक छावणी एलिचपूरला होती. बाकीच्या बोलारम, हिंगोली, मोमिनाबाद अशा वऱ्हाडबाहेरच्या ठिकाणी होत्या.

१९०२ : कारण गेले, मुलूख राहिला

मार्च १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला आणि मीर महबूब अलीखान या निजामाची त्याने एकांतात भेट घेतली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपये खंडाने इंग्रजांना कायमचे पट्ट्याने मिळाले. तोपर्यंत निजामाच्या हाती पडणाऱ्या सरासरी शिलकेपेक्षा ही रक्कम मोठी आहे, असे या व्यवहाराचे समर्थन करण्यात आले. निजामास जी.सी.बी. ही पदवी मिळाली, तेव्हा या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा आहे, अशी थट्टा सर्वत्र झाली. कुळाला जमीन खंडाने देणारा मालक वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ठाऊक होता. आता त्याचा सबंध प्रांतच खंडाने गेला.

यातील खरी मेख निराळीच आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये घेतले गेले ते कंटिन्जंटच्या खर्चासाठी. १९०३ मध्ये कंटिन्जंट स्वतंत्र फौज म्हणून उरली नाही. ती हिंदी सैन्यात विलीन झाली. ज्या खर्चासाठी मुलूख तारण होता तो खर्चच संपला, परंतु तारण परत गेले नाही. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडले गेले आणि १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ असे चार जिल्हे झाले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला. वऱ्हाडचा पैसा मध्य प्रांताच्या हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, ही तक्रार यानंतरच्या राजकारणात सतत ऐकू येते.

याहून विलक्षण होती ती येथील माणसांची कायदेशीर अवस्था. सार्वभौमत्व निजामाचे असल्यामुळे वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान'चा भाग नव्हता. येथे कायदे लागू होत ते परराष्ट्रातील अधिकारक्षेत्राच्या आदेशांनी. अमरावतीत १८९७ मध्ये शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. आणि हे सारे जेथे घडत होते ती भूमी कायद्याने निजामाची होती! पुढे मध्य प्रांताचे कायदेमंडळ स्थापन झाले तेव्हा वऱ्हाडने निवडलेल्या प्रतिनिधींना सरकारने पुन्हा 'नियुक्त' करावे लागे, कारण परक्या मुलखातील निवडणुकीला कायद्याने अर्थ नव्हता. सारा भरताना वऱ्हाडी माणूस इंग्रजांचा होता आणि हक्क मागताना निजामाचा.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अलीखान याने वऱ्हाड परत मागितले. येथील पुढाऱ्यांचा त्यास विरोध होता. इंग्रजांचे राज्य त्यांना प्रिय होते म्हणून नव्हे, तर पुन्हा एकदा आपल्याला न विचारता आपले हस्तांतर होईल म्हणून. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने मागणी फेटाळली. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तेव्हा कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा दावा करू नये, असा त्या उत्तराचा आशय होता. मग १८०४, १८५३, १८६० आणि १९०२ चे 'करार' कोणत्या नात्याने झाले, हा प्रश्न सहजच उपस्थित होतो. १९३६ च्या कराराने निजामाचे मन राखले गेले : त्याच्या पदवीत 'हैदराबाद आणि बेरार' असे शब्द आले आणि युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. कारभारात काडीचाही फरक पडला नाही.

स्वातंत्र्यानंतरचे कागद

१५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानिकांशी झालेले करार संपुष्टात आले आणि वऱ्हाडवरील निजामाचा कागदी हक्कही संपला. परंतु वऱ्हाडचे भवितव्य करारांनी ठरविण्याची परंपरा तेवढ्याने थांबली नाही. त्याच महिन्याच्या ८ तारखेला अकोला करार झाला होता. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. हे करार करणारे लोकांचे पुढारी होते, हा मोठाच फरक आहे आणि तो विसरता कामा नये. नागपूर कराराच्या वाटाघाटींत खर्चाच्या न्याय्य वाटणीचा आग्रह धरला गेला, तो शंभर वर्षांच्या अनुभवातून आला होता असे म्हणण्यास आधार आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळांची तरतूद आली. मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १८६० मध्ये खोडलेले हिशेबाचे कलम अशा रीतीने पुन्हा कागदावर आले, आणि या वेळी हिशेब द्यावयाचा होता तो लोकांच्या प्रतिनिधींना. मंडळे मात्र प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले. मधल्या काळात, १९८४ मध्ये, वि. म. दांडेकर समितीने राज्यातील अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा असल्याचे व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के असल्याचे दाखवून दिले होते. विदर्भ विकास मंडळाची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली. त्या दिवशी मुदतवाढीचा आदेश निघाला नाही.